नळ बंद असताना पंप का चालतो

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचा. बसमधून उतरलो तर सरोवरावरचा वारा असा, की टोपी हाताने धरून ठेवावी लागली. पण ऊन लख्ख होतं, मॅपलची झाडं लालभडक झाली होती आणि मर्नाबाई टोलोनेन स्वतः पिकअप घेऊन मला न्यायला आल्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मांस-बटाट्याची गरम पेस्टी हातात ठेवली आणि म्हणाल्या, आधी खाऊन घे, उपाशी माणसाचं शुद्धलेखन बिघडतं.

माझी खोली त्यांच्या पंपांच्या दुकानाच्या वर आहे. टेबल, दिवा, शब्दकोश ठेवायला फळी, आणि खिडकीतून पाणीच पाणी. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. ते वारल्यावर दुकान नावाला उरलं, आता सगळा कारभार इंटरनेटवरच्या फोरमचा. ज्यांच्या घराला गावाचा नळ नाही, अंगणात स्वतःची बोअर आहे, असे देशभरातले लोक पंप बिघडला की आमच्याकडे विचारायला येतात. जुने बोअरवाले, प्लंबर फुकटात उत्तरं देतात. पण प्रश्न तेच तेच, त्यामुळे उत्तर देणारे कातावलेत. म्हणून मी. नेहमीच्या प्रत्येक प्रश्नाला एक ‘पक्कं उत्तर’ लिहायचं, एकदाच, नीट. पुन्हा कुणी तेच विचारलं की त्याला पक्क्या उत्तराची लिंक द्यायची आणि त्याच्या धाग्याला, म्हणजे तिथल्या प्रश्नोत्तरांच्या साखळीला, कुलूप लावायचं, पुढे कुणी लिहू नये म्हणून.

मी दहावीनंतर शाळेत गेलो नाही, हे अर्जात लिहिलं होतं. मर्नाबाई म्हणाल्या, तेही वाचलं. पण अर्जात एक चूक सापडली नाही, ते जास्त वाचलं.

माझ्या बहिणीला, नोरीनला, फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, चला, तुझ्या खोडरबराला अखेर कुणीतरी पगार द्यायला लागलं. मागे तिची टेस ‘मामा, मामा’ करून ओरडत होती. गॅरेट, नोरीनचा नवरा, मालवाहू जहाजावर असतो, महिना महिना घरी येत नाही. माझी धाकटी बहीण आणि तिची पाच वर्षांची पोर त्या आडबाजूच्या शेतघरात दोघीच राहतात. मला ते कधीच आवडलेलं नाही. इथे बस्तान बसलं की दोघींना गावात आणायचं, असं मनात आहे.

८ ऑक्टोबर

कामाची रीत कळली. पक्क्या उत्तरात माणूस नको, हा पहिला नियम. लोक प्रश्न विचारताना सगळं रामायण सांगतात. सासू आली होती, कुत्रं भुंकत होतं, त्याच दिवशी गाडी बंद पडली. ते सगळं कापायचं. नाव नको, गाव नको, ‘माझ्याकडे असं झालं’ नको. उरेल ते कुणाच्याही घराला बसलं पाहिजे. मला हे काम जमतं. कापून झालं की मजकूर धुतलेल्या काचेसारखा दिसतो.

दुसरी रीत: प्रश्न विचारणारा आठवडाभर परत बोलला नाही, की त्याच्या धाग्यापुढे आपोआप हिरव्या अक्षरांत ‘सुटलं’ असं येतं. मी विचारलं, तो कंटाळून निघून गेला असेल तर? मर्नाबाई म्हणाल्या, बरा झालेला माणूस डॉक्टरकडे परत जातो का रे?

उत्तर देणारी मंडळी मात्र तिखट आहेत. माझं पहिलं उत्तर वाचून एकाने लिहिलं, पोरगं छान लिहितं, पाना कुठल्या बाजूने धरतात ते कुणीतरी दाखवा त्याला. दुसऱ्याने लिहिलं, दाखवू नका, घाबरेल.  त्या वाक्यात स्वल्पविराम चुकला होता, तेवढं मनात धरलं.

१२ ऑक्टोबर

आज सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरं केलं: नळ बंद असताना पंप का चालतो. पंपाला जोडलेल्या टाकीतला दाब उतरला की पंप आपसूक सुरू होतो. नळ बंद असले तर दाब उतरायचं कारण नाही. उतरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. संडासाची टाकी गळते का पाहा, मग झडप, मग जमिनीतला पाइप, मग दाबाच्या टाकीतली रबरी पिशवी. एकेक पायरी, छोटी वाक्यं.

संध्याकाळी म्हातारा ऑर्व्हिल दुकानात आला. जन्मभर बोअरी खणल्यात त्याने. उभ्या उभ्या उत्तर वाचलं आणि म्हणाला, बरं लिहिलंयस. पण हा एक प्रश्न सोड. हा ज्याचा त्याला सुटा सांगायचा असतो. मी विचारलं का. तो म्हणाला, सगळं तपासलं, कुठे थेंब गळत नाही, तरी पंप चालतोच, असं म्हणणारी दोनचार घरं निघतात. त्यांना मी काही लिहून पाठवायचो नाही. स्वतः जायचो, बोअर बुजवायचो आणि लांब दुसरी खणून द्यायचो. मग ते पाणी जातं कुठे, असं मी विचारलं. तो म्हणाला, पिणाऱ्याकडे.

तो गेल्यावर मर्नाबाई हसल्या. म्हणाल्या, बोअर बुजवायची आणि नवी खणायची, दोन्हींचे पैसे घ्यायचा मेला.

१७ ऑक्टोबर

ओपल लस्क नावाच्या बाईने डोकं उठवलंय. मिसुरीकडची विधवा. धागा काढते, नळ बंद असताना पंप चालतो. आम्ही लिंक देऊन कुलूप लावतो. ती दुसरा काढते, सगळं तपासलं. कुलूप. तिसरा काढते, मला ती लिंक देऊ नका, माझ्याशी बोला. कुलूप. आमच्यातल्या एकाने तिला लिहिलं, आजी, वाचता येत नसेल तर नातवाला बोलवा. दुसऱ्याने लिहिलं, नातू येत नसणार, म्हणून तर इथे येते.

ती म्हणते, तळघराच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की पाइपात घोट घेतल्यासारखा आवाज येतो. भरदिवसा.

मला आधी वाईट वाटायचं. आता तिचं नाव दिसलं की दात आवळले जातात. एवढं स्वच्छ लिहिलंय, पायरीपायरीने, आणि ह्या बाईला तिच्या घराचं काहीतरी वेगळंच आहे असं वाटतं. प्रत्येकाला तसंच वाटतं. आज तिच्या धाग्याला कुलूप मी लावलं. बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

२२ ऑक्टोबर

ओपलबाईंनीच तोडगा काढला. तळघराचं दार उघडं टाकायचं आणि पायऱ्यांच्या तळाशी टब काठोकाठ भरून ठेवायचा. पंप गप्प. कुलूप लागायच्या आत दोघातिघांनी ते वाचलं, करून पाहिलं आणि आभार मानले. आमच्याकडेही हाच त्रास होता, थांबला.

मर्नाबाई म्हणाल्या, शेवटची पायरी म्हणून घाल उत्तरात. असं का होतं ते कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं हवेतला ओलावा, कुणी म्हणालं दाब. मर्नाबाई म्हणाल्या, गोळी लागू पडली की पुरे, गोळीत काय आहे ते कोण विचारतं.

मग मी नेहमीसारखं केलं. ओपलबाईंचा मजकूर लांबलचक होता. टबापर्यंतचा भाग ठेवला. पुढे सगळं त्यांचं घरगुती होतं. दुसऱ्या दिवशी टब वरच्या पायरीवर असतो, भाऊ म्हणतो तूच उचलून आणलास, मी पाहिलं, मला आठवत नाही, तहान लागत नाही, आता भरायचं थांबवावंसं वाटतं पण थांबवता येत नाही, तुम्हीही एकदा भरला की. असंच अर्धवट, विरामचिन्हं नाहीत. ते कापलं. एका घराची गोष्ट.

‘तळघराचं दार उघडं ठेवा. पायऱ्यांच्या तळाशी टब भरून ठेवा. रिकामा झाल्यास पुन्हा भरा.’ तीन वाक्यं, एकही शब्द जास्त नाही.

३० ऑक्टोबर

उत्तर गाजतंय. बाकीच्या फोरमवाल्यांनी उचललं. मर्नाबाईंनी दालचिनीचा केक केला आणि पानभर हिरवी अक्षरं दाखवली. म्हणाल्या, इतकी ‘सुटलं’ ह्या फोरमने कधी पाहिली नाहीत. टोमणे मारणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, पोराला पाना धरता येत नाही, पण पेन धरता येतं हो.

ऑर्व्हिल दुकानात आला नाही. रस्त्यात भेटला. मी हात केला, तो माझ्या पायांपुढे थुंकला आणि पुढे गेला.

ओपलबाईही गप्प आहेत. त्यांचाही धागा हिरवा झाला.

५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट खटकली. आमच्याकडे येणारे लोक एका प्रश्नावर थांबत नाहीत. पंप झाला की पाण्याचा वास, वास झाला की गंज, मग हिवाळ्यात पाइप गोठतात. एकदा आलेला माणूस वर्षानुवर्षं येत राहतो, कुरकुरतो, भांडतो. शेवटच्या पायरीबद्दल आभार मानणाऱ्यांची नावं मी शोधली. त्यानंतर त्यांच्यापैकी कुणीही, कुठल्याही धाग्यावर, एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यात रोज भांडणारा एक गृहस्थ होता. तोही नाही.

मर्नाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, समाधानी माणसं शांत असतात, तुला सवय नाही.

६ नोव्हेंबर

ओपलबाईंनी भावाचा फोन नंबर एका धाग्यात दिला होता. दुपारी फोन केला. कुठल्या फोरमवरून, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं.  तो म्हणाला, बहीण गेली. स्वयंपाकघरात सापडली, भरलेल्या टबाशेजारी. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच उरलं नव्हतं. हातात पाण्याचा जग होता. मग म्हणाला, तिने तुम्हाला सगळं लिहिलं होतं, पुढे काय होतं ते. आपल्या लोकांना कळू दे म्हणाली. तुमच्या पानावर मी शोधलं, ते कुठेच नाही. कापणारा कोण होता, त्याचं नाव सांग.

मी फोन ठेवला.

७ नोव्हेंबर

शेवटची पायरी काढून टाकली. तासाभरात परत आली. मर्नाबाईंनी घातली. मी खाली गेलो, भावाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हातारी बाई होती, म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. म्हणाल्या, पोरा, मी तुला रस्त्यावरून उचलून आणलंय, दहावीवर शाळा सोडलेल्याला. फोरमला हात लावशील तर हात मोडीन. आणि माझं लिहिणं बंद केलं. आता मला फोरमवर साध्या माणसासारखा फक्त प्रश्न विचारता येतो.

काढून उपयोगही नव्हता. वीस ठिकाणी उतरवून घेतलंय लोकांनी. नाव नाही, गाव नाही. कुणाच्याही घराला बसतं.

१० नोव्हेंबर

नोरीनचा फोन. खुशीत होती. म्हणाली, पंप सारखा चालायचा, कटकट झाली होती, मग नेटवर एक झकास उत्तर मिळालं, इतकं सोपं, कुणी लिहिलंय कोण जाणे. टब ठेवला आणि चिडीचूप.

मी तिला सांगितलं टब उलटा कर, आत्ता, दार लाव, टेसला घेऊन बाहेर पड. ती हसली. म्हणाली, तुला लहानपणापासून सगळ्याची भीती. मी विचारलं टब कुठे आहे. ती म्हणाली, पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी. तिथे कुणी ठेवला? ती म्हणाली, टेसने असेल.

पाण्याने भरलेला टब. पाच वर्षांची पोर.

११ नोव्हेंबर

नोरीन फोन उचलत नाही. तिच्याकडच्या पोलिसांना फोन केला. त्यांनी जाऊन पाहिलं, म्हणाले, बाई घरी आहे, पोर घरी आहे, घर स्वच्छ आहे, तुमचा काय प्रश्न आहे? जहाजाच्या कंपनीत गॅरेटसाठी निरोप ठेवला.

ऑर्व्हिलच्या दारात गेलो. बोअर बुजवायला चल म्हणून हात जोडले. त्याने दार उघडलं नाही, जाळीआडूनच बोलला. टब भरला का तिने? भरला असेल तर बोअर बुजवून काय करू, ते आता बोअरीत कुठे राहिलंय. म्हणाला, तुला सांगितलं होतं. आता लिही एखादं उत्तर.

फोरमवर प्रश्न टाकला: टब भरणं थांबवायचं कसं? बहीण आणि भाची घरात आहेत. लगेच कुलूप. खाली माझ्याच उत्तराची लिंक. आणि कुणीतरी लिहिलं होतं, शेवटचं वाक्य वाच, रिकामा झाल्यास पुन्हा भरा, एवढं सोपं आहे.

१३ नोव्हेंबर

बस. मग एका ट्रकवाल्याने चौकापर्यंत सोडलं. तिथून चालत. पोहोचलो तेव्हा सकाळ होती.

टब स्वयंपाकघरात आहे.

नोरीन उभी आहे नळाशी, जग भरते, टबात ओतते, परत. ओठ फुटलेत. मला पाहून मान हलवली. टेस टेबलाखाली होती. म्हणाली, मम्मी म्हणते आपल्याला तहान नाही. माझ्या पिशवीतला ज्यूस दिला, तर पाठ करून प्यायली, लपवून. पिऊन झाल्यावर टबाकडे बघत बसली, ओरडा बसेल तशी.

नोरीनचा हात धरून ओढलं. तिने जग माझ्या कानशिलात मारला. लहानपणी कधी मला चिमटासुद्धा काढला नव्हता तिने. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा ती खाली बसली, मग उठेना. ओतणं थांबलं.

पाणी उतरायला लागलं. समोर. कुणी नाही आणि पाणी उतरतंय. मग भिंतीतल्या सगळ्या पाइपांतून तो आवाज. घोट. टेस कानांवर हात ठेवून किंचाळत होती, किंचाळता किंचाळता श्वास —

मी एक जग ओतला. एकच. टेस निळी पडत होती म्हणून. आवाज थांबला.

१३ — दुपार

टेसला उचलून बाहेर आणलं. नोरीनच्या ट्रकमध्ये बसलोय. किल्ली आत खिळ्याला, टबाच्या पलीकडे. पोलिसांना सांगितलं पोर आजारी आहे, तेव्हा येतो म्हणाले. येतीलच. नोरीन पुन्हा नळाशी उभी राहिलेली दिसते. एकीला आणलं. दुसरीला सोडून — पोलीस आले की तिलाही. आधी टेस. टेस माझ्याजवळ आहे तोवर ठीक.

टेसने विचारलं, मामा, तू सारखा आत का जातोस? म्हटलं, मी इथेच आहे. ती म्हणाली, आत्ता गेलास की.

बाही कोपरापर्यंत ओली आहे.

ज्यूस आहे अजून. मला नको. सकाळपासून काही प्यायलो नाही — नकोच वाटतं.

टब पोर्चवर. नोरीन खिडकीत आहे, तिथेच आहे, मग पोर्चवर कुणी —

टेसला सांगितलं काहीही झालं तरी माझा हात सोडायचा नाही. मी सांगितलं तरी नाही. ती हो म्हणाली. दार आतून लावलंय. लावलं होतं.

टब पायऱ्या उतरला. गवतावर. रस्त्यावर अजून कुणी —

टेस म्हणते, मामा, जड आहे ना, मी धरते एका बाजूने. कुठून बोलते — सीटवर नाही — दार उघडं — टबाच्या पलीकडच्या काठावर तिचे दोन्ही हात, आणि ह्या बाजूची कडी माझ्या